शून्य आणि रेघ

पक्षी-अभ्यास केंद्रात त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. बाकी सगळे त्यांना शून्यसर म्हणायचे, आणि तेही तोंडावर. त्यांना त्याचा राग नव्हता. उलट नव्या विद्यार्थ्यांची तुकडी आली की पहिल्या दिवशी ते फळ्यावर एक मोठं शून्य काढायचे, त्याच्या शेजारी एक आडवी रेघ ओढायचे, आणि खडू ठेवून विचारायचे, "या दोन्हींत फरक काय?"

पोरं एकमेकांची तोंडं बघायची. कुणीतरी धीर करून म्हणायचं, "सर, दोन्हीचा अर्थ काही नाही."

"तुम्ही घरी जा," सर म्हणायचे, आणि वर्गात हशा पिकायचा. मग ते स्वतः सांगायचे. "शून्य म्हणजे मोजायला मी होतो, पाखरू नव्हतं. रेघ म्हणजे मीच नव्हतो. पाय मुरगळला, ताप आला, झोप उघडली नाही, काहीही असो. गेला नसाल तर रेघ मारा. लाजेखातर शून्य लिहिलंत, तर एक जिवंत प्राणी तुम्ही कागदावर मारलात. कळलं?"

त्यांचे आणखी दोन नियम होते. लिहिलेलं खोडरबरानं पुसायचं नाही. चुकलं तर एकच रेघ मारून शेजारी सही करायची, म्हणजे चूकही वाचता आली पाहिजे. आणि मोजणी दर वर्षी त्याच माणसानं करायची. माणूस बदलला की कान बदलतो, कान बदलला की आकडा बदलतो, आणि मग पाखरंच कमी झाली की माणूसच बहिरा होता हे कुणाला कळणार, असं ते म्हणायचे. अगदी याच शब्दांत म्हणायचे. पुढे हे वाक्य त्यांना किती वेळा आठवलं याची मोजणी त्यांनी केली नाही.

त्यांचं सगळं आयुष्य दोन उतारांवर गेलं. केंद्राच्या मागे एक डोंगर होता. त्याचा पश्चिमेचा उतार दाट, पूर्वेचा थोडा विरळ. दोन्हीकडे आठ आठ थांबे ठरलेले. दर वर्षी ठरलेल्या आठवड्यात, सूर्य उगवल्यावर तासाभरानं सर पहिल्या थांब्यावर उभे राहायचे, दहा मिनिटं हलायचे नाहीत, जे ऐकू येईल ते वहीत मांडायचे आणि पुढे निघायचे. अशी एकतीस वर्षं.

ऐकायचं असायचं मुख्यतः एका पाखरासाठी. शास्त्रात त्याला लांबलचक नाव होतं, पण केंद्रात सगळे त्याला 'सुई' म्हणायचे, कारण त्याचा आवाज तसा होता, बारीक आणि टोकदार. अंगठ्याएवढा जीव, रंग पानाचा, राहणार झाडाच्या शेंड्यावर. दिसायचं जवळजवळ नाहीच. ते आहे की नाही हे कानानंच ठरवायचं.

आणि सुईचं सगळं सूत जुळलेलं होतं बांडगुळाशी. आयत्या बिळावरच्या माणसाला आपण बांडगूळ म्हणून मोकळे होतो, पण सरांसमोर ती शिवी देण्याची सोय नव्हती. "त्या बिचाऱ्याला काय बोलता?" ते म्हणायचे. "डोंगरावर दुसरं काही फुलत नाही तेव्हा ते फुलतं. निम्मं रान त्या दोन महिन्यांत त्याच्या जिवावर तगतं." बांडगुळाचं फळ चिकट. सुई ते खायची, आणि चिकट बी बुडाला लागलं की फांदीला घासून काढायची. तिथंच नवं बांडगूळ रुजायचं. सुई नसेल तर बी खाली जमिनीवर पडणार आणि कुजणार. एकाचं घर दुसऱ्याच्या पोटावर चालायचं, आणि त्या दोघांवर उरलेल्या रानाचं.

पहिली वीस वर्षं पश्चिमेच्या उतारावर सुईचा आकडा चाळिसाच्या आसपास असायचा. मग तो उतरायला लागला. तीस, बावीस, अकरा, चार. सर हबकले. होला जागेवर, सुतारपक्षी जागेवर, कावळ्यांना तर काय धाड भरणार. मग एकटी सुईच का जातेय? त्यांनी रोग शोधला, विषारी फवारे शोधले, अंडी खाणारे सापसुद्धा सोडले नाहीत. काही हाती लागलं नाही. एके वर्षी आठही थांब्यांवर शून्य आलं. पुढच्या वर्षीही शून्य.

गंमत अशी, की बांडगूळ मात्र रुजत होतं. नव्या फांद्यांवर कोवळे झुबके दिसत होते. सुई नसताना? सरांनी दोन वर्षं डोकं खाजवलं आणि शेवटी एक लेख लिहिला: एका पाखराची जागा दुसऱ्या कुणीतरी घेतली असावी, रान आपली सोय आपण लावून घेतं. तो लेख फार गाजला. लांबलांबच्या संशोधकांनी त्याचा आधार घेतला. एकतीस वर्षांत सरांचं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं, आणि खोटं कशाला बोला, त्यांना ते आवडलंही होतं.

नियम असा होता की लागोपाठ पाच वर्षं शून्य आलं, तर ते पाखरू त्या उतारावरून गेलं असं धरायचं आणि त्याच्या नावानं रानाला दिलेलं संरक्षण काढायचं. पश्चिमेच्या उताराला पाच वर्षं पूर्ण झाली तेव्हा हे ठरवणाऱ्या समितीनं सरांना बोलावलं. अध्यक्षांनी विचारलं, "तुमची खात्री आहे ना?" सर म्हणाले, "शून्य म्हणजे शून्य," आणि त्यांनी सही केली. त्यांना वाटलं, प्रामाणिक माणसाला दुसरं काय करता येतं?

पुढच्या वर्षभरात पश्चिमेचा उतार तोडला गेला आणि तिथं दगडाची खाण सुरू झाली. आता पूर्वेच्या उतारालाही चार वर्षं शून्य आलं होतं. पाचवी मोजणी तीन आठवड्यांवर होती. सर निवृत्त झाले होते, पण ही मोजणी तेच करणार होते, कारण माणूस बदलायचा नव्हता.

*

त्या सोमवारी त्यांच्या बायकोला ताप भरला. ती जन्मभर रुग्णालयात परिचारिका होती, त्यामुळे स्वतः आजारी पडली की डॉक्टरपेक्षा वरचढ व्हायची. पलंगावर उशीला टेकून तिनं थर्मामीटर काखेत धरला. सर समोर खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसले.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "बघा की."

"काय बघू?"

"अहो, वाजला ना."

"कुठे वाजला? अजून वेळ आहे त्याला."

"चार वेळा वाजला. मी मरून पडले तरी तुमचं आपलं वर्तमानपत्र." तिनं थर्मामीटर काढून स्वतःच वाचला. "शंभरावर दोन. माझं कुठलंही बोलणं कानामागे टाकायचं, एवढं एक व्रत घेतलंय तुम्ही."

हे रोजचंच होतं. कुठला नवरा बायकोचं ऐकतो, असं म्हणून घरात आलेले लोकही हसायचे. त्या दिवशीही सर हसले असते. पण त्यांचा हात वर्तमानपत्रावर तसाच राहिला. त्यांनी उठून थर्मामीटर हातात घेतला. "पुन्हा लाव," ते म्हणाले.

"कशाला?"

"लाव तर."

तिनं लावला. सर पलंगाच्या काठावर बसले, मान तिच्या खांद्याकडे झुकवून. असे ते एकतीस वर्षं उभे राहिले होते, श्वास धरून. खिडकीबाहेर कुणाची तरी सायकल गेली ती त्यांना ऐकू आली. वरच्या मजल्यावर नळ चालू होता तो ऐकू आला. मग बायको त्यांच्याकडे बघायला लागली. तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"वाजतोय," ती अगदी हळू म्हणाली. "अहो, आत्ता वाजतोय."

सरांना तिचं वाक्य स्वच्छ ऐकू आलं. बाकी खोलीत काहीच नव्हतं.

*

दोन दिवसांनी, ताप उतरल्यावर, तीच त्यांना कानाच्या तपासणीला घेऊन गेली. तिथं काचेची एक छोटी खोली होती. तपासणारी मुलगी पोरसवदा पण कामात चोख होती. तिनं सरांच्या कानांवर यंत्र चढवलं, हातात एक बटण दिलं आणि सांगितलं, "आवाज आला की दाबायचं. अंदाजानं दाबू नका हं, काका."

"मी अंदाजानं काही करत नाही," सर म्हणाले.

आधी जाड आवाज आले, मग मधले. सर बटण दाबत गेले. मग आवाज थांबले. तपासणी संपली असं समजून त्यांनी काचेबाहेर बघितलं, तर मुलगी अजून कळा दाबत होती. एक दाबायची, थांबायची, त्यांच्या बटणाचा दिवा लागतो का बघायची, मग दुसरी दाबायची. ती आवाज पाठवतच होती. सरांनी बटण दाबलं नाही.

मुलीनं कागदावर आलेख काढून दिला. डावीकडून रेषा सरळ येत होती आणि मग एका जागी कडेलोट झाल्यासारखी खाली पडत होती. "बोलणं तुम्हाला कळतं, म्हणून लक्षात आलं नसेल," ती म्हणाली. "वरच्या पट्टीतलं मात्र गेलंय. आधी लांबचं जातं, मग जवळचं. एकदम नाही जात. दहा-बारा वर्षं तरी झाली असणार."

सर तो आलेख धरून बसून राहिले. ही रेषा त्यांनी पूर्वी काढलेली होती. चाळीस, तीस, बावीस, अकरा, चार.

"यंत्र लावलं तर?" बायकोनं विचारलं.

"बोलणं आणखी स्पष्ट होईल. पण एवढ्या वरचं नाही येणार परत."

रस्त्यावर आल्यावर बायको म्हणाली, "मला कळायला हवं होतं. एवढी वर्षं लोकांचे कान-डोळे बघितले मी, आणि घरातलं..." सरांनी तिचा हात धरला. भर रस्त्यात त्यांनी असा हात धरल्याला कित्येक वर्षं झाली होती, आणि दोघांनाही त्याचा आनंद घेता आला नाही.

*

केंद्र आता धाकटी चालवत होती. सरांच्या हाताखाली एका वेळी दोघी शिकत होत्या. थोरली परदेशी गेली, धाकटी राहिली, आणि आता पस्तिशी उलटली तरी तिचं नाव धाकटीच. सर तिच्या खोलीत गेले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "पश्चिमेच्या उतारावरचं काही रेकॉर्डिंग आहे का आपल्याकडे? शून्यं सुरू झाल्यानंतरचं?"

"का, सर?"

"आहे का ते सांग."

तिनं आठवून आठवून बघितलं. पाच वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीनं वटवाघळांसाठी थांबा पाचवर यंत्र लावलं होतं. पहाटे बंद करायला ती विसरली, म्हणून ते दुपारपर्यंत चालूच राहिलं होतं. रात्रीचा भाग तिनं वापरला. सकाळचा कुणी उघडूनही बघितला नाही. धाकटीनं तारीख काढली. सरांनी पिशवीतून त्या वर्षाची वही काढली. तारीख तीच होती. मोजणीचाच दिवस.

"लाव," सर म्हणाले.

संगणकाच्या पडद्यावर आवाजाचं चित्र पसरलं. जाड आवाज खाली, बारीक आवाज वर. सरांना आधी पानांची सळसळ ऐकू आली. मग बुटांखाली मोडलेली काटकी. मग एक खोकला, तो त्यांचाच. होला घुमला. सुतारपक्ष्यानं खोडावर ठोकलं. सगळं जसंच्या तसं होतं, ते रान पुन्हा जागेवर उभं राहिल्यासारखं, आणि सरांचा जीव त्यात अडकला.

त्यांनी धाकटीकडे बघितलं. तिनं तोंडावर हात ठेवला होता.

पडद्याच्या वरच्या बाजूला बारीक उभ्या खुणा येत होत्या. तीन. मग दोन. मग पुन्हा तीन.

"हीच ना?" सरांनी बोट ठेवलं.

"हो, सर."

"मोज."

"सर, नको."

"मोज, बाळ."

ती मोजायला लागली. दहा मिनिटांच्या शेवटी ध्वनिवर्धकातून सरांचा आवाज आला. लिहिताना मोठ्यानं म्हणायची त्यांना सवय होती. "थांबा पाच. होला दोन, सुतार एक, सुई शून्य." पडद्यावर त्यांच्या आवाजाचा पट्टा खाली जाड उमटला, आणि त्या 'शून्य'च्या बरोबर डोक्यावर तीन सुया उभ्या होत्या.

"चौदा हाका," धाकटी म्हणाली. "चार वेगवेगळी पाखरं असावीत. निदान चार." आणि तिला रडू फुटलं.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "सर, मला एक सांगायचंय. सात वर्षांपूर्वी मी तुमच्या मागे चालत होते. थांबा तीनवर मी तुम्हाला विचारलं होतं, सर, आत्ता सुई होती ना? तुम्ही म्हणालात..."

"ऐकू आली असती तर लिहिली नसती का," सर म्हणाले. त्यांना शब्द न शब्द आठवत होता.

"मला वाटलं, माझाच भास. तुमचा पंचवीस वर्षांचा कान, माझा दोन वर्षांचा. मी पुन्हा कधी तो विषय काढला नाही."

ती तेव्हा बरोबर होती, आणि त्यांनी तिला गप्प केलं होतं. स्वतःच्या कानावर विश्वास ठेवू नकोस, असं एका शिकणाऱ्या मुलीला त्यांनी शिकवलं होतं. जंगल गेल्याचं दुःख एवढं मोठं होतं की त्याला अजून हात लावता येत नव्हता, पण हे दुःख हाताशी होतं आणि ते झोंबत होतं.

"तुझी चूक नाही," ते म्हणाले. "माझ्यासमोर बोलायची सोयच मी ठेवली नव्हती."

धाकटीनं खुर्ची पुढे ओढली. "ऐका, सर. पूर्वेचा उतार अजून आहे. यंदा मी मोजते. सापडली, तर 'पुन्हा आढळली' एवढंच लिहू. मागचं उकरायची काय गरज? तुमची एकतीस वर्षं..."

"आणि पश्चिमेचा?"

"तो तर गेलाच ना, सर."

"तो गेलाच. पण माझा लेख आहे ना अजून. दुसऱ्या पाखरानं जागा घेतली म्हणे! कुणी घेतली? सुईच होती ती. बांडगूळ मला ओरडून सांगत होतं, आणि मी त्यावर लेख लिहिला." त्यांचा आवाज चढला. "किती ठिकाणी वापरलाय तो?"

"तीन ठिकाणी," धाकटी म्हणाली. "तिथंही संरक्षण काढायचं चाललंय. एक पाखरू गेलं तरी रान अडत नाही, असा आधार घेऊन."

"मग झालं तर," सर म्हणाले.

*

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, चांगला उजेड आल्यावर सरांनी जेवणाच्या टेबलावर अकरा वर्षांच्या वह्या मांडल्या. एक एक पान उघडलं. जिथं जिथं सुईपुढे शून्य होतं, तिथं त्यांनी शून्यावर आडवी रेघ मारली आणि शेजारी सही केली. पुसलं काही नाही. आत शून्य दिसत होतं, त्याच्यावर रेघ दिसत होती. जिथं आकडे होते, चार किंवा अकरा, तिथं त्यांनी 'निदान' असं लिहिलं.

बायको चहा घेऊन आली आणि समोर बसली.

"पण तुम्ही तर गेला होतात तिथं," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी गेलात. पाय सुजला होता तेव्हासुद्धा गेलात. रेघ कशाला?"

"गेलो होतो गं," सर म्हणाले. "पण नव्हतो."

मग ती पानं उलटायला लागली आणि ते रेघा मारत गेले. जेवायची वेळ टळून गेली. शेवटच्या वहीपर्यंत त्यांची सही इतकी बिघडली होती की ती दुसऱ्या कुणाची वाटत होती. पत्र त्यांनी दोन ओळींचं लिहिलं: मी अकरा वर्षं ऐकू येत नसताना मोजणी केली. माझा लेख मागे घेत आहे. खाली कानाचा आलेख जोडला.

पत्र पोचलं तसे फोन यायला लागले. काही जण हळहळले, काही जण चिडले. एकानं तर ऐकवलं, "तुमच्या प्रामाणिकपणानं डोंगर गेला, आता असल्या पत्रानं काय परत येणार?" सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. तोवर कानात यंत्र बसलं होतं आणि बोलणं फार स्पष्ट ऐकू येत होतं.

समितीनं एवढंच मान्य केलं, की पूर्वेच्या उताराची यंदाची मोजणी दुसऱ्या कुणी करावी आणि तिच्यावर निकाल लागावा. यंत्रं लावू का, असं धाकटीनं विचारलं. यंत्राचं नियमात नाही, असं उत्तर आलं. आठ थांबे, प्रत्येकी दहा मिनिटं, माणसाचा कान. कुठंतरी एक सुई ऐकू आली, तर उतार पाच वर्षं वाचणार. नाही आली, तर खाण तिकडेही वळणार.

*

मोजणीच्या दिवशी सर धाकटीबरोबर गेले. पुढे ती, मागे ते. असा क्रम पूर्वी कधी नव्हता. त्यांनी बुटांना जाड रबर लावून घेतलं होतं, आपल्या पायांचा आवाज तिच्या कानात जाऊ नये म्हणून. खोकला येऊ नये म्हणून सकाळपासून ते कोमट पाणी पीत होते.

डोंगराच्या पलीकडून खाणीची यंत्रं ऐकू येत होती. थांबा एकवर धाकटी उभी राहिली. सर तिच्या हाताकडे बघत राहिले, कारण ठरलं होतं की ऐकू आली तर तिनं बोट वर करायचं. दहा मिनिटं हात खालीच होता. तिनं वहीत लिहिलं. सरांनी डोकावून बघितलं: शून्य. हे शून्य खरं होतं. खऱ्या शून्याची त्यांना इतकी भीती कधी वाटली नव्हती.

थांबा दोन, शून्य. तीन, शून्य. चारवर एक फांदी हलली, पण ती खार निघाली. पाच, सहा, सात. धाकटीचे ओठ घट्ट मिटले होते. तिनं प्रत्येक शून्य सावकाश, गोल काढलं, सर शिकवायचे तसं.

आठवा थांबा एका जुन्या झाडाखाली होता. वर बांडगुळाचे झुबके होते, पण सगळे थोराड, जून. कोवळा एकही नव्हता. सरांनी सगळ्या फांद्या नजरेनं तपासल्या. पश्चिमेला बांडगूळ रुजत होतं तेव्हा त्यांनी त्याचं ऐकलं नव्हतं. इथं ते जे सांगत होतं ते त्यांना आता ऐकायचं नव्हतं. ते दगडावर बसले.

सातवं मिनिट गेलं. आठवं गेलं. धाकटीचं बोट वर झालं.

सर उभे राहिले. तिनं त्यांचे दोन्ही खांदे धरून त्यांना वळवलं आणि एका फांदीच्या दिशेनं तोंड करून उभं केलं. सर बघत राहिले. पानं होती, आभाळ होतं. आवाज कुठलाच नव्हता. धाकटीचं बोट पुन्हा वर झालं, थोड्या वेळानं पुन्हा.

दहा मिनिटं संपली. "एक," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसतही होती. "सर, एक आहे. उतार वाचला."

"जबाब आला का तिला?"

धाकटीचं हसू मावळलं. ती खोटं बोलू शकली असती. सरांना कळण्याचा काही मार्ग नव्हता.

"नाही, सर," ती म्हणाली. "तीनदा हाक दिली. जबाब नाही आला."

याच थांब्यावर सरांनी एके काळी नऊ मोजल्या होत्या. डोंगराच्या माथ्यावरून त्या ये-जा करायच्या, इकडून हाक गेली की पश्चिमेकडून जबाब यायचा. आता त्या बाजूला जबाब द्यायला कुणी नव्हतं. उतार पाच वर्षं राहणार होता, त्या एका पाखरासाठी, आणि ते पाखरू पाच वर्षं हाका मारणार होतं. सर मान खाली घालून रडले, म्हाताऱ्या माणसानं रडू नये तसे, आवाज करून. धाकटीनं त्यांना थांबवलं नाही. मोजणी संपली होती, आता आवाज झाला तरी चालणार होता.

मग तिनं समितीला द्यायचा तक्ता पुढे घेतला. तळाशी निरीक्षकांसाठी दोन रकाने होते. पहिल्यात तिनं आपलं नाव लिहिलं. दुसऱ्यात लिहिण्यासाठी पेन टेकवलं, हजेरीपटावरचं, आता कुणी वापरत नाही ते नाव.

"थांब," सर म्हणाले. त्यांनी तिच्या हातातून पेन घेतलं, तक्ता तळहातावर सरळ धरला, आणि दुसऱ्या रकान्यात एक आडवी रेघ मारली.